व्हेन्वमध्ये सुरळीत चालणारी स्क्रिप्ट, ईएक्सई केली की "मॉड्यूल सापडत नाही"

पिंपळपार

मंडळी, थोडी मदत हवी आहे.

आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिलं दर तिमाहीला निघतात. एक्सेलच्या शीटमध्ये फ्लॅट नंबर, नाव, सिंकिंग फंड, पार्किंग, थकबाकी, व्याज असं सगळं असतं. त्यावरून प्रत्येकाचं मराठीत पीडीएफ बिल काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली आहे. पांडाजने शीट वाचतो, एफपीडीएफ-टूने बिल बनवतो. माझ्या लॅपटॉपवर (विंडोज ११, पायथन ३.१२) व्हेन्व (या स्क्रिप्टपुरता लायब्ररींचा वेगळा कप्पा) चालू करून स्क्रिप्ट पळवली की झकास चालते.

आता ही सोसायटीच्या ऑफिसातल्या मॅनेजरना द्यायची आहे. तिथे विंडोज १० आहे, पायथन नाही, आणि तो टाकून घ्यायची त्यांची तयारीही नाही. त्यांना फक्त डबलक्लिक कळतं. म्हणून पायइन्स्टॉलर वापरून ईएक्सई केली. बिल्ड होताना एकही लाल ओळ आली नाही. डबलक्लिक केलं की काळी खिडकी लुकलुकते आणि गायब.

आधी सरळ व्हेन्वचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून नेऊन पाहिला होता. तिथे "नो पायथन ॲट" आणि पुढे माझ्या लॅपटॉपवरचा पत्ता, एवढंच आलं.

काय बघू?

---

उंटावरचा_शहाणा

डबलक्लिकने काही कळणार नाही, खिडकी एररसकट बंद होते. सीएमडी उघडा, डिस्ट फोल्डरमध्ये (तयार ईएक्सई तिथे असते) जा, ईएक्सईचं नाव टाइप करून एंटर मारा. शेवटची ओळ इथे लिहा.

आणि व्हेन्व चालू असताना "व्हेअर पायइन्स्टॉलर" ही कमांड देऊन काय पत्ता येतो तेही सांगा.

---

पिंपळपार

शेवटची ओळ: मॉड्यूल-नॉट-फाउंड-एरर, नो मॉड्यूल नेम्ड पांडाज.

व्हेअर पायइन्स्टॉलरने काहीच छापलं नाही. पण कमांड तर चालतेय, मग असं का?

---

तिरफळ

पॉवरशेलमध्ये दिलीत ना? तिथे "व्हेअर" हे त्याच्या स्वतःच्याच एका कमांडचं टोपणनाव आहे. नुसतं व्हेअर लिहिलं की ते गप्प बसतं. पुढे डॉट ईएक्सई जोडा, नाहीतर सीएमडीतून द्या.

---

पिंपळपार

हो, पॉवरशेलच होतं. आता पत्ता आला: सी ड्राइव्ह, माझा युजर फोल्डर, ॲपडेटा, लोकल, प्रोग्राम्स, पायथन, पायथन३१२, स्क्रिप्ट्स. व्हेन्वचा पत्ता यात कुठेच दिसत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

मग सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न इथे सारखा येतो आणि प्रत्येक वेळी "हिडन इम्पोर्ट टाका" असं भलतंच औषध सांगितलं जातं.

व्हेन्व ॲक्टिव्हेट करणं म्हणजे फार काही जादू नाही. व्हेन्वमधला स्क्रिप्ट्स फोल्डर तुमच्या पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, सगळ्यात पुढे लावला जातो, मुख्य काम एवढंच. तुम्ही "पायथन" म्हटलं की तो फोल्डर आधी पाहिला जातो, तिथे पायथन असतो, म्हणून व्हेन्वमधला पायथन चालतो. "पायइन्स्टॉलर" म्हटलं की तोच फोल्डर आधी पाहिला जातो. तिथे पायइन्स्टॉलर नाही, कारण तुम्ही तो व्हेन्वमध्ये कधी टाकलाच नाही. मग विंडोज पाथमध्ये पुढे पुढे शोधत जातं आणि मुख्य पायथनमध्ये पूर्वी कधीतरी टाकलेला पायइन्स्टॉलर त्याला सापडतो. त्या पायइन्स्टॉलर डॉट ईएक्सईच्या पोटात मुख्य पायथनचा पत्ता पक्का कोरलेला असतो. तो उठतो आणि मुख्य पायथनच्या पॅकेजेसमध्ये पांडाज शोधतो. तिथे पांडाज नाही.

पायइन्स्टॉलरला एखादं मॉड्यूल मिळालं नाही तरी तो बिल्ड थांबवत नाही. कारण कित्येक लायब्ररींमध्ये "असलं तर घे, नसलं तर सोड" अशा धाटणीचे इम्पोर्ट असतात, प्रत्येकाला अडून बसला तर काहीच तयार व्हायचं नाही. जे मिळालं नाही त्याची यादी तो बिल्ड फोल्डरमध्ये वॉर्न नावाने सुरू होणाऱ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती उघडून बघा, पांडाज त्यात असणार. बाकीची पन्नास नावं बघून घाबरू नका. पीडब्ल्यूडी, जीआरपी, पॉझिक्स वगैरे लिनक्सकडची मॉड्यूल्स विंडोजवर कायम त्या यादीत असतात.

थोडक्यात, डबा ज्या स्वयंपाकघरात भरता तिथलेच पदार्थ डब्यात येणार. पायइन्स्टॉलर व्हेन्वच्या आतच असला पाहिजे. तेव्हा व्हेन्व चालू करून पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) पायइन्स्टॉलर टाका. मग नुसतं "पायइन्स्टॉलर" न म्हणता "पायथन -एम पायइन्स्टॉलर" म्हणा, म्हणजे कुठला पायथन हा घोळच उरत नाही. यात इंग्रजी नावातला पी आणि आय कॅपिटल हवेत. विंडोजवर फाइलच्या नावात लहानमोठं चालतं, पण मॉड्यूलच्या नावात पायथन चालवून घेत नाही. याआधीचे बिल्ड आणि डिस्ट हे दोन्ही फोल्डर उडवा आणि नव्याने करा.

व्हेन्व पेनड्राइव्हवर का चालला नाही, तेही सांगतो. व्हेन्वमध्ये अख्खा पायथन नसतोच. विंडोजवर तिथला पायथन डॉट ईएक्सई हा छोटा दूत असतो. शेजारच्या पायव्हेन्व डॉट सीएफजी फाइलमध्ये "होम" म्हणून खऱ्या पायथनचा पत्ता असतो, तो वाचून दूत त्याला उठवतो. मॅनेजरसाहेबांच्या मशीनवर तो पत्ताच अस्तित्वात नाही. व्हेन्व हलवायची वस्तू नाही. दुसरीकडे हवा असेल तर रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) न्यायची आणि तिथे नवा करायचा.

---

काळी_मांजर

शहाणेबुवांचं निदान अगदी बरोबर. पण मला मुळात ईएक्सईचा हा अट्टहासच कळत नाही.

पायथनच्याच संकेतस्थळावर विंडोजसाठी "एम्बेडेबल" नावाची झिप मिळते. इन्स्टॉल करायचं नाही, रजिस्ट्रीला हात नाही, नुसती उलगडायची. त्यात पिप नसतो, म्हणून आपल्या मशीनवर पिपला "टार्गेट" देऊन पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवायची, तो फोल्डर झिपशेजारी ठेवायचा, आणि पीटीएच फाइलमध्ये (पायथनने पॅकेजेस कुठे शोधायची ते तिच्यात असतं) त्याचं नाव एका ओळीत लिहायचं. मग दोन ओळींची बॅच फाइल. मॅनेजर तिच्यावर डबलक्लिक करतील, त्यांना काय फरक पडतो?

फायदा असा की स्क्रिप्ट साधी मजकुराची फाइल राहते. व्याजाचा दर बदलला की तेवढी फाइल बदलायची, पुन्हा बिल्ड नको. आणि अँटिव्हायरसची कटकटही खूपच कमी.

---

उंटावरचा_शहाणा

@काळी_मांजर, तुमचं म्हणणं खोडून काढत नाही. दर महिन्याला बदलणारी स्क्रिप्ट असेल तर मीही एम्बेडेबलच सुचवेन. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या: त्यात टीके-इंटर नाही, म्हणजे खिडकी-बटणांचा प्रोग्राम असेल तर वांधे. आणि टार्गेटने पॅकेजेस उतरवताना आपला पायथन आणि झिपमधला पायथन एकाच आवृत्तीचे हवेत. ३.१२ साठी बांधलेला नमपाय (पांडाजला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी) ३.११ मध्ये उठणार नाही.

सोसायटीच्या बाबतीत मला ईएक्सई बरी वाटते, कारण मजकुराची फाइल म्हटलं की कोणीतरी उघडतं आणि "जरा दुरुस्त" करतं.

---

कडीपत्ता

वर्डमध्ये मेल मर्ज नावाची गोष्ट आहे. आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं त्यावरच बिलं निघतात. चालू द्या तुमचं.

---

तिरफळ

कडीपत्ता, आलात का फोडणीला :) मेल मर्जने प्रत्येक फ्लॅटची वेगळी पीडीएफ, फाइलला फ्लॅट नंबरचं नाव, एवढं एका क्लिकवर काढून दाखवा. मॅक्रो न लिहिता.

---

पिंपळपार

शहाणेबुवा, साष्टांग नमस्कार. पायइन्स्टॉलर व्हेन्वमध्ये टाकला आणि पांडाजचं रडगाणं थांबलं.

आता नवीन अडचणी.

एक, "वनफाइल" करून बनवलेली एकच ईएक्सई दीडशे एमबीच्या आसपास गेली. उघडायला इतका वेळ घेते की मॅनेजर तीनदा डबलक्लिक करतील.

दोन, फॉन्टची फाइल सापडत नाही म्हणते. नोटो सान्स देवनागरी स्क्रिप्टशेजारच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये आहे.

तीन, फॉन्टचा पूर्ण पत्ता हाताने लिहून पाहिला तर बिल निघालं, पण मराठी विस्कटलंय. "सिंकिंग"मधली पहिली वेलांटी स च्या मागे जाऊन बसते, "व्याज"मधला व पाय मोडून य पासून वेगळा उभा, आणि "वर्ष"चा रफार कुठेच नाही. मात्र हा बिघाड माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्येही होता का, हे आता आठवत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

आधी तिसरं. त्याचा ईएक्सईशी संबंध नाही. एफपीडीएफ-टू आपणहून अक्षरांची जुळवणी करत नाही, एकेक चिन्ह ओळीने मांडत जातो. त्याला "टेक्स्ट शेपिंग" चालू करायला सांगावं लागतं, आणि त्यासाठी यूहार्फबझ हे वेगळं पॅकेज लागतं. तेही व्हेन्वमध्येच टाका.

दुसरं. पायइन्स्टॉलर पायथनचा कोड शोधून काढतो, तुमच्या फॉन्ट, लोगो, टेम्प्लेटबद्दल त्याला काही कल्पना नसते. "ॲड-डेटा"मध्ये कुठून उचलायचं आणि आत कुठे ठेवायचं हे दोन्ही सांगायचं, मध्ये कोलन. जुन्या ट्युटोरियल्समध्ये विंडोजसाठी अर्धविराम दिसेल, आता कोलन चालतो. आणि स्क्रिप्टमध्ये नुसतं "फॉन्ट्स" असा पत्ता लिहू नका. तो पत्ता प्रोग्राम कुठल्या फोल्डरमधून सुरू झाला यावर ठरतो, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने उघडला तर वेगळाच निघू शकतो. दोन्ही बाजूला डबल अंडरस्कोर असलेलं "फाइल" हे जे नाव असतं, त्याच्या पेरेंट फोल्डरपासून पत्ता बांधा. तोच कोड साध्या स्क्रिप्टमध्येही चालतो आणि बांधलेल्या ईएक्सईतही.

पण एक्सेल शीटसाठी हे करू नका! ती आत बांधायची नाही, मॅनेजर तिच्यात दर तिमाहीला आकडे भरणार. ती ईएक्सईच्या शेजारी असायला हवी, म्हणून तिचा पत्ता सिस डॉट एक्झिक्युटेबलच्या फोल्डरवरून काढायचा. साध्या स्क्रिप्टमध्ये तेच नाव पायथनकडे बोट दाखवतं, त्यामुळे आधी सिस डॉट फ्रोझन आहे का हे तपासून मग ठरवा.

आता पहिलं, म्हणजे आकार आणि वेळ. वनफाइल ही दिसायला एक फाइल असली तरी आत सगळी मोट बांधलेली असते. दर वेळी सुरू झाली की ती टेम्प फोल्डरमध्ये एमईआय नावाने सुरू होणारा फोल्डर करून सगळं तिथे उलगडते, मग स्क्रिप्ट चालते, आणि बंद होताना फोल्डर पुसते. टास्क मॅनेजरमधून मारली तर पुसायचं राहतं आणि टेम्पमध्ये कचरा साठत जातो. वनफाइल सोडा. काही न सांगता पायइन्स्टॉलर फोल्डरच बनवतो, तोच घ्या. आवृत्ती ६ पासून त्यात बाहेर फक्त ईएक्सई असते, बाकी पसारा "इंटर्नल" नावाच्या फोल्डरमध्ये जातो. नीटनेटकं दिसतं. ईएक्सईचा शॉर्टकट डेस्कटॉपवर टाका, मॅनेजरना एकच चित्र दिसेल. शॉर्टकट हं, ईएक्सई उचलून डेस्कटॉपवर नेली तर चालणार नाही.

---

तिरफळ

आकाराबद्दल मी भर घालते. एक शीट वाचायला पांडाज कशाला? त्याच्या मागे नमपाय येतो आणि हे दोघे मिळून मोठा वाटा खातात. पांडाज तरी एक्सेल वाचायला आतून ओपनपायएक्सेलच वापरतो. सरळ ओपनपायएक्सेलने ओळी वाचा, पाच-सहा ओळींचा कोड वाढेल.

मात्र पांडाज नुसता अनइन्स्टॉल करून भागणार नाही. पिप पांडाज काढतो, त्याच्यासोबत आलेला नमपाय तसाच ठेवतो. आणि ओपनपायएक्सेलमध्ये नमपायसाठी ते "असलं तर घे" वालं इम्पोर्ट आहे. पायइन्स्टॉलरला नमपाय दिसला की तो मुकाट्याने उचलणार. म्हणून नवा, कोरा व्हेन्व करा आणि त्यात फक्त ओपनपायएक्सेल, एफपीडीएफ-टू, यूहार्फबझ आणि पायइन्स्टॉलर टाका. जो ॲनाकोंडाच्या (ढीगभर लायब्ररींसकट येणारा पायथन) मूळ एन्व्हायर्नमेंटमधून बिल्ड करतो त्याची ईएक्सई तर विचारूच नका, तिथे सगळं गाव आत येतं.

---

रात्रपाळी

एक धोक्याची सूचना. पुढची पायरी अँटिव्हायरस आहे. मी एका क्लिनिकसाठी असाच प्रोग्राम केला होता, तिथल्या अँटिव्हायरसने ईएक्सई पहिल्याच मिनिटाला क्वारंटाइनमध्ये टाकली आणि डॉक्टरांना वाटलं मीच व्हायरस आणला.

कारण असं की पायइन्स्टॉलरच्या प्रत्येक ईएक्सईच्या पुढे तोच तयार "बूटलोडर", म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारा छोटा तुकडा, असतो. मालवेअर लिहिणारेही पायइन्स्टॉलर वापरतात, त्यामुळे त्यांच्या फाइलीवरून बनलेली सही आपल्यालाही लागू पडते. वनफाइल असेल तर आणखी संशय, कारण टेम्पमध्ये फाइली उलगडून चालवणं ही वागणूकच मालवेअरसारखी. यूपीएक्सने (ईएक्सई दाबून लहान करणारं साधन) दाबलेली असेल तर विचारायलाच नको.

फोल्डर पद्धत, यूपीएक्स बंद, एवढ्याने बराच फरक पडतो. तरी अडली तर बूटलोडर स्वतःच्या मशीनवर सोर्समधून कंपाइल करून घ्यायचा, सी कंपायलर हवा. पक्का इलाज म्हणजे कोड सायनिंगचं सर्टिफिकेट, पण सोसायटीच्या बिलांसाठी तो खर्च कोण करणार.

आणि ईमेलने पाठवू नका. जीमेल ईएक्सई झिपमध्ये असली तरी अडवतं. ब्राउझरमधून डाउनलोड केली तर विंडोज तिच्यावर "इंटरनेटवरून आली" असा शिक्का मारतं आणि निळी स्मार्टस्क्रीनची खिडकी येऊ शकते. झिप उलगडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये "अनब्लॉक"ला टिक करायची. पेनड्राइव्हने नेलीत तर हा शिक्क्याचा प्रश्न सहसा येत नाही.

---

ह्यूस्टनकर

धागा वाचतोय, थोडं वेगळं विचारतो. माझ्याकडे मॅक आहे आणि सातारला वडिलांच्या दुकानात विंडोज. मॅकवरून विंडोजची ईएक्सई होईल का? आणि दुकानातला पीसी जुना आहे, विंडोज ७.

---

उंटावरचा_शहाणा

मॅकवरून नाही. पायइन्स्टॉलर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवाल तिचीच फाइल देतो. विंडोज मशीन नसेल तर गिटहब ॲक्शन्सवर विंडोजचा रनर (गिटहबकडचं विंडोज मशीन) घ्या. व्हेन्व, पिप, पायइन्स्टॉलर सगळं तिथेच चालतं आणि तयार झिप उतरवून घेता येते.

विंडोज ७ साठी पायथन ३.८ शेवटचा, ३.९ पासून पुढचा तिथे सुरूच होत नाही, कुठलीतरी एपीआय-एमएस-विन डीएलएल नाही म्हणून रडतो. ३.८ चा व्हेन्व करून बांधा. पीसी ३२-बिटचा असेल तर पायथनही ३२-बिटचाच घ्या. ३.८ ला आता सुरक्षेचे अपडेटही येत नाहीत, तेव्हा बिलं छापण्यापुरतं ठीक. त्या पीसीवर वडील नेटबँकिंग करत असतील तर मात्र ईएक्सईच्या आधी पीसी बदला.

---

काळी_मांजर

@पिंपळपार, बिलं मेलने पाठवायचा बेत आहे का? असेल तर मेलचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ईएक्सई करू नका. ईएक्सई केली म्हणजे कोड लपला असा समज असतो, पण पायइन्स्टॉलरच्या फाइलमधून बाइटकोड (पायथनने स्वतःसाठी रूपांतर केलेला कोड) बाहेर काढायची साधनं सहज मिळतात आणि पासवर्ड त्यात जसाच्या तसा दिसतो. पूर्वी "की" देऊन बाइटकोड एन्क्रिप्ट करायची सोय होती, तीही आवृत्ती ६ मध्ये काढून टाकली, कारण किल्ली त्याच फाइलमध्ये असायची.

कोड खरंच आतून बदलून हवा असेल तर नुइटका बघा. तो पायथनचं सीमध्ये रूपांतर करून कंपाइल करतो. बिल्डला वेळ लागतो, सी कंपायलर लागतो, आणि पासवर्ड आत लिहिणं तिथेही वाईटच.

---

पिंपळपार

मेल नाही, छापूनच देतो. पासवर्डचं ध्यानात ठेवतो.

कोरा व्हेन्व केला, पांडाज हद्दपार, फोल्डर पद्धत, यूहार्फबझ आत. फोल्डर आता पहिल्याच्या पाव आकाराच्याही आत आहे आणि डबलक्लिकवर लगेच उघडतो. रफार जागेवर आला. पेनड्राइव्हने ऑफिसात नेला, तिथल्या अँटिव्हायरसने काही कुरकुर केली नाही, मॅनेजरनी स्वतः बिलं काढली. सगळ्यांचे आभार, कडीपत्ता तुमचेही.

एक शेवटचं. त्यांनी दुसऱ्यांदा चालवलं तर "परमिशन डिनाइड" आलं आणि मधल्याच एका फ्लॅटवर थांबलं. आणि पुढच्या तिमाहीला बदल करायचा झाला तर हे सगळं पुन्हा आठवून करायचं का?

---

तिरफळ

त्या फ्लॅटची जुनी पीडीएफ त्यांनी ॲक्रोबॅटमध्ये उघडी ठेवली असणार. उघड्या फाइलवर विंडोज लिहू देत नाही. ती चूक पकडून "अमुक बिल उघडं आहे, बंद करा" असा मराठीत निरोप छापा आणि पुढच्या फ्लॅटवर जा, म्हणजे एका बिलापायी बाकीची अडणार नाहीत. बिल्ड करताना तुम्हालाही हीच एरर येईल, जुनी ईएक्सई चालू असताना डिस्ट फोल्डरवर लिहायला गेलात की.

काळी खिडकी बंद करायचा मोह होईल, "नो-कन्सोल"ने होते. पण मग हे निरोप दिसणार कुठे? शेवटी एंटरची वाट बघणारी एक ओळ टाका आणि खिडकी राहू द्या.

---

उंटावरचा_शहाणा

आठवायची गरज नाही. पहिल्या बिल्डला स्पेक फाइल तयार झाली आहे, ॲड-डेटा वगैरे सगळं तिच्यात आहे. पुढच्या वेळी पायथन -एम पायइन्स्टॉलरला स्क्रिप्टऐवजी ती स्पेक फाइल द्या. स्क्रिप्टचं नाव दिलंत तर तो नवी स्पेक लिहितो आणि तुम्ही हाताने केलेले बदल जातात. पिप फ्रीझ करून रिक्वायरमेंट्सची फाइलही शेजारी ठेवा. स्क्रिप्ट, स्पेक, रिक्वायरमेंट्स आणि फॉन्ट्सचा फोल्डर, एवढं जपलंत की व्हेन्व खुशाल डिलीट करा.